कोणाला दाखवायचे हे फोटो?

भिवंडीच्या महानगरपालिकेचं पूर्ण नाव भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका असं आहे. त्यातलं निजामपूर म्हणजे आपण निजामपुरा म्हणतो ती वस्ती. इथली कोकणी मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या दर्याच्या भरवशावर जगली. कोणी जहाजावर गेला, कोणी आफ्रिकेला, १९७० नंतर कितीतरी जण आखातात. आता त्यांची नातवंडं इंग्लंडात आणि कॅनडात आहेत. आणि याच गल्ल्यांत मऊ, आझमगढ, बिहार, तेलंगणातून माणसं यंत्रमागावर काम करायला येत राहिली. जाणारे आणि येणारे एकाच गल्लीतले, दोघंही घरापासून लांब. परदेशी राहणं आणि परक्या मुलखाचे फोटो काढणं यावर बोलायला मला याहून योग्य जागा सुचत नाही.

अलीकडे इथे कॅमेरेही येतात. काळोखा कारखाना, पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप, हवेत तरंगणारा कापसाचा भुगा आणि घामाने निथळणारा विणकर, असं एक चित्र आता ठरून गेलं आहे. ते खोटं नाही. पण ते काढणाऱ्याने विणकराला काय विचारलं, हे त्या चित्रात कधीच नसतं, आणि मला त्याचाच त्रास होतो.

खालचा संवाद मी रचला आहे. एक मामू आहेत, सत्तरी ओलांडलेले. कुवेतला नोकरी केली, १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा परत आले, मग भावाबरोबर मागांचा कारखाना चालवला. दुसरी त्यांची भाची. ती इंग्लंडात बोल्टनला राहते, हॉस्पिटलात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडते. घरात ही माणसं आपल्या कोकणीत बोलतात, मी ते साध्या मराठीत लिहिलं आहे. माझं मत कुठे आलं तर ते वेगळं ओळखू येईल.

मामू : हे सगळे तू काढलेस?

भाची : हो. बोल्टनचे जास्त, थोडे बर्नलीचे. मामू, खरं सांगते, बोल्टनला गेल्यावर सुरुवातीला मला ते गाव दिसलंच नव्हतं. घर, बस, हॉस्पिटल, परत बस. कॅमेरा घेतला आणि मान वर झाली. लाल विटांच्या पाच-पाच मजली इमारती, उंच चिमण्या. चौकशी केली तर सगळ्या सुताच्या गिरण्या. सूत कातायचं म्यूल यंत्र ज्याने १७७९ मध्ये केलं, तो सॅम्युअल क्रॉम्प्टन याच गावचा. म्हणजे मी आपल्या भिवंडीच्या आजोळी जाऊन राहिले होते आणि मला पत्ता नव्हता.

मामू : यात कॅमेऱ्याचं काय मोठेपण? तुला उसंत नव्हती. कॅमेरा घेतल्यावर तू थांबायला लागलीस. दिसलं ते थांबल्यामुळे.

भाची : पण थांबायला निमित्त लागतं ना. परक्या गावात डोक्यावर ओढणी घेतलेली बाई रस्त्यात नुसती उभी राहिली, तर लोक विचारतात, काय हवंय? हातात कॅमेरा असला की विचारत नाहीत, उलट आपण होऊन सांगायला येतात. माझी आजी इथे कामाला होती, या दारातून आत जायची, असं सांगणारी म्हातारी माणसं मला अशीच भेटली. कॅमेऱ्याने मला तिथे उभं राहायचा हक्क दिला.

मामू : हक्क दिला, की तुला वाटलं की मिळाला? आमच्याकडे येणाऱ्या पोरांनाही तसंच वाटतं. सलाम नाही, दुआ नाही, थेट दोन मागांच्या मधल्या बोळात. धोटा उडून आला तर डोळा जाईल, हेही ठाऊक नसतं. आमचा माणूस तार जोडायचं सोडून त्यांना सांभाळत बसतो. त्याची मजुरी मीटरवर असते. तेवढा वेळ कापड थांबतं.

भाची : हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामू : कोणी विचारलं नव्हतं.

(इथे मी मामूंच्या बाजूचा आहे. मीटरवर मजुरी असलेल्या माणसाचा थांबलेला वेळ हा फोटोचा पहिला खर्च असतो, आणि तो फोटो काढणारा भरत नाही.)

भाची : बरं, हा बघा. बर्नलीजवळ हार्ल साइक म्हणून गाव आहे, तिथली क्वीन स्ट्रीट मिल. १८९४ मध्ये बांधायला घेतली. वाफेच्या इंजिनावर चालणारी विणाईची गिरणी. त्या काळची आणि अजून चालवता येते अशी ही शेवटचीच, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. इंजिनाचं नाव पीस, म्हणजे शांती. एका छपराखाली तीनशेच्या आसपास माग.

मामू : जवळ धर. अच्छा, वरून पट्टे आहेत. सगळे माग एकाच शाफ्टवर. इंजिन थांबलं की सगळं छप्पर गप्प. आमच्याकडे प्रत्येक मागाला आपली मोटर, एक बिघडला तर बाकीचे चालू. आणि हे बघ, या मागावर बीम चढवलाय, तार भरलेत, पण कापडाच्या काठाला धूळ आहे. हा रोज चालत नाही. शेजारचा चालतो, त्याची मूठ घासून चकाकलीय.

भाची : बघा! मी तिथे दोन हातांवर उभी होते आणि मला हे दिसलं नव्हतं. फोटो होता म्हणून तुम्हाला निजामपुऱ्यात बसून दिसलं.

मामू : हे मानलं. ही गिरणी बंद कधी पडली?

भाची : १९८२ मध्ये.

मामू : मुंबईचा संपही ८२ चाच. १८ जानेवारीला सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांचा. मी कुवेतला होतो. तुझे मोठे मामू पत्रात लिहायचे, गिरण्यांचे जुने माग स्वस्तात निघालेत, ट्रकने भिवंडीत येतायत, पैसे पाठव. मी पाठवले. म्हणजे एकाच साली तिकडे गिरणीला कुलूप लागलं, पुढे तिचं म्युझियम झालं, आणि इकडे मुंबईचे जुने माग आम्ही पुन्हा उभे करून चालवायला घेतले. आता मी तुला एक विचारतो. तुझ्या फोटोत ही गिरणी सुंदर का दिसते?

भाची : उजेड चांगला होता. उतरत्या छपराच्या काचांतून येतो, सगळीकडे सारखा पडतो.

मामू : सुंदर दिसते कारण ती बंद पडलीय. पितळ पुसलेलं, जमीन झाडलेली, बारा तासांची पाळी नाही, उधारीवर सूत नाही, विजेचं बिल नाही. माग थांबला की फोटोवाल्याला आवडायला लागतो. चालू असला की त्याला त्यात फक्त हाल दिसतात. आमच्या कारखान्यात हाल आहेत, मी नाही म्हणत नाही. पण हुन्नरही आहे. एक माणूस एका वेळी चार-सहा माग सांभाळतो. डोळा एका मागावर, कान दुसऱ्यावर. कुठला तार तुटला ते त्याला आवाजातल्या फरकावरून कळतं. हे कुठल्या फोटोत आहे?

भाची : आवाजाचं तुम्ही बोललात म्हणून सांगते. त्या गिरणीत चार माग चालवून दाखवतात. चारच, आणि तरी बघणारे कानात बोटं घालतात. तिथल्या मार्गदर्शक बाईंना मी विचारलं की तीनशे चालत असताना माणसं बोलत कशी होती? त्या म्हणाल्या, ओठांनी. आवाज न काढता, तोंड मोठं मोठं करून, हातवारे करत. 'मी-मॉइंग' म्हणतात त्याला. लँकेशायरच्या गिरणीतल्या बायका रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला अशा बोलायच्या आणि मधल्या कोणाला काही कळायचं नाही. मी ऐकत होते आणि मला आपल्या गल्लीतला कारखाना आठवत होता. लहानपणी मी खिडकीतून बघायचे, तिथली माणसं एकमेकांना हाका मारत नव्हती. हातानेच सगळं चालायचं.

मामू : अजून तसंच. दोन बोटं अशी केली की कांडी संपली. मान अशी हलवली की मुकादम आला. चहाची खूण वेगळी.

भाची : आणि दुसरं एक. कांडी धोट्यात बसवल्यावर तार बाहेर काढायचा तो धोट्याच्या भोकाला ओठ लावून, श्वासाने ओढून. तिथे त्याला धोट्याचा मुका घेणं म्हणायचे. एकच धोटा कितीजणांच्या तोंडाला लागायचा. दात किडायचे, छातीत कापूस जायचा, रोग पसरायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये बंदी घातली, लँकेशायरमध्ये ती यायला १९५२ उजाडलं. मामू, मी त्या धोट्याचा फोटो जवळून घेत होते, म्हणून त्या बाईंनी हे सांगितलं. नाहीतर मी पुढे गेले असते.

मामू : म्हणजे फोटोने तुला प्रश्न विचारायला लावला. तेवढं मान्य करतो. पण उत्तर बाईंनी दिलं, फोटोने नाही.

या घटकेला दोघं एकमेकांच्या जवळ आल्यासारखे वाटतात, पण तसं नाही. भाचीच्या मते फोटो हे दार आहे. मामूंच्या मते माणसं त्या दारातच उभी राहतात आणि आत शिरल्याच्या समाधानात परत फिरतात. पुढचं नाव निघालं तेव्हा हा फरक उघडा पडला.

भाची : बोल्टनच्या म्युझियममध्ये हम्फ्री स्पेंडर नावाच्या माणसाचे फोटो आहेत. १९३७-३८ चे, नऊशेच्या आसपास. गिरणी सुटताना बाहेर पडणारी माणसं, पबमध्ये बसलेले म्हातारे, गल्लीत आडव्या दोरीवर वाळणारे कपडे, निवडणूक, ब्लॅकपूलच्या समुद्रावरची सुट्टी. तो लंडनहून यायचा. तेव्हा 'मास ऑब्झर्वेशन' नावाची एक चळवळ होती. टॉम हॅरिसन तिच्या मुळाशी होता. हा हॅरिसन पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवर राहून आला होता. त्याला वाटलं, बेटांवरच्या लोकांचा अभ्यास करतो तसा आपल्याच देशातल्या कामगारांचा का करू नये? बोल्टनला त्यांनी टोपणनाव दिलं, वर्कटाऊन.

मामू : लंडनच्या माणसाला बोल्टन म्हणजे परदेशच.

भाची : अगदी. स्पेंडरही पुढे तसंच सांगायचा. त्याची बोली वेगळी, कपडे वेगळे. आपण घुसखोर आहोत असं त्याला वाटायचं. कॅमेरा तो कोटाखाली लपवायचा. लायका, छोटा असतो तो. माणसाला कळलं की तो बदलतो, म्हणून कळू द्यायचं नाही.

मामू : चोरून?

भाची : चोरूनच म्हणा.

मामू : आणि नावं? त्या नऊशे फोटोंतल्या माणसांची?

भाची : बहुतेकांची नाहीत.

मामू : मग तो हॅरिसन बरा म्हणायचा. त्याने काय केलं?

भाची : गावात भाड्याने घर घेतलं. गिरणीतही काम केलं काही काळ, ट्रक चालवला.

मामू : बघ. तो हाताला काम लावून शिकला.

भाची : पण मामू, हॅरिसनच्या माणसांनी लिहिलेल्या नोंदींचे गठ्ठे आहेत. ते वाचून मला बोल्टन दिसत नाही. स्पेंडरच्या फोटोत दिसतं. कपडे वाळत घातलेल्या गल्लीत मी दर आठवड्याला जाते, आणि ती ऐंशी वर्षांपूर्वी कशी होती ते त्या चोरून काढलेल्या फोटोमुळेच मला ठाऊक आहे. आज बोल्टनच्या माणसाला आपलं जुनं गाव बघायचं असेल तर तो तिथेच जातो. याचं काय करायचं?

मामू : याचं एवढंच की ते फोटो बोल्टनला आहेत. परत आले. गावातल्या कोणालाही बघता येतात. आमच्या कारखान्यात काढलेले कुठे आहेत? कोणी आणून दाखवला एक तरी?

भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. आपले फोटो दुसऱ्यांनी काढून न्यायचे, हा मुंबई इलाख्याला जुना अनुभव आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या सरकारी नोकराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या जातीजमातींवर फोटोंचे दोन खंड छापले. त्यातली बरीच माणसं एका ठिकाणी उभी करून टिपली होती आणि नंतर त्यांच्यामागे भलत्याच ठिकाणचा देखावा जोडला होता. माणूस खरा, जागा खरी, पण माणूस त्या जागेवर कधी उभाच नव्हता. मी ते फोटो बघतो तेव्हा मला त्या माणसांच्या उभं राहण्यातला अवघडलेपणा दिसतो. आपल्याला कुठे नेऊन चिकटवणार आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

भाची : सगळेच तसे नव्हते. लुईस हाइन घ्या. अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत लहान पोरं कामाला होती. १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी तो त्यांचे फोटो काढत फिरला. आत सोडत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी आणखी कोणी. खिशात हात घालून आतल्या आत टिपणं करायचा. पोराची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजून ठेवायचा. त्यानेही फसवलंच की.

मामू : मालकाला फसवलं. पोराला नाही. पोराचं नाव, वय, काम लिहून घेतलं ना?

भाची : जमेल तिथे सगळं लिहिलं. फोटोपेक्षा ते लिहिलेलं जास्त अंगावर येतं.

मामू : मग तो बरोबर होता. मी स्वतः मालक आहे. असा कोणी वेश बदलून माझ्या कारखान्यात शिरला तर मला संताप येईल. तरी सांगतो, तो बरोबर होता. त्याला ठाऊक होतं की हा फोटो कोणाला दाखवायचाय. कायदा करणाऱ्यांना. म्हणून त्याने वय विचारलं. दिवाणखान्यात लावायचा असता तर विचारलं नसतं, फक्त उजेड बघितला असता.

भाची : म्हणजे तुमचा राग फोटोवर नाही. कोणासाठी काढला, यावर आहे.

मामू : मी तेच म्हणतोय मघापासून. तुझे हे फोटो कोणासाठी आहेत?

भाची : माझ्यासाठी. थोडे मैत्रिणींसाठी. नेटवर टाकते.

मामू : म्हणजे कोणासाठीच नाहीत.

भाची : हे बरं नाही मामू. स्वतःसाठी बघणं म्हणजे काहीच नाही का? तुम्ही कुवेतमध्ये इतकी वर्षं राहिलात. काय बघितलंत, ते तुम्ही कोणाला सांगितलंत? मला तर आज पहिल्यांदा कळतंय की तिथून पैसे पाठवून माग घेतले होते.

मामू : आम्ही राहिलो, फिरलो नाही. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा कपडे धुवायचे, पत्र लिहायचं. पण कळलं पुष्कळ. एकदा एका म्हाताऱ्या कुवेतीच्या घरी पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो. काम झाल्यावर त्याने दिवाणियात बसवलं. पुरुषांची बैठक असते ती, रोज संध्याकाळी भरते. आणि तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला, मुंबईच्या हिंदीत. तरुणपणी लाकडी गलबतावरून मुंबईला, मलबारला जायचा. तिकडून साग आणायचा, कारण वाळवंटात लाकूड कुठलं? त्यांची गलबतं आपल्या सागाची. म्हणाला, १९६१ पर्यंत आमच्या बाजारात तुमचा रुपया चालायचा. मी तिथे परका म्हणून गेलो होतो. त्याच्या लेखी परका नव्हतो, त्याच्या जुन्या बंदरावरून आलेला माणूस होतो. आता सांग, याचा काय फोटो काढणार होतो मी? एक म्हातारा आणि कॉफीची किटली?

भाची : त्या गलबतांचे फोटो आहेत मामू! अ‍ॅलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन खलाशी होता. १९३८ मध्ये तो एडनला कुवेती बूम जहाजावर चढला. नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान, होता अली बिन नासर अल नजदी. त्यांच्याबरोबर मोंबासा, झांझिबार करत रुफिजी नदीच्या मुखापर्यंत गेला, तिथून तिवराचे वासे भरून पुढच्या वर्षी कुवेतला पोचला. डेकवर झोपायचा, त्यांच्याच ताटात जेवायचा. मग मोती काढणाऱ्यांबरोबरही गेला, पाणबुडे कर्जात कसे अडकतात ते लिहिलं. त्याचे फोटो ग्रीनविचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. मी तुम्हाला दाखवते. शीड चढवताना सगळे मिळून दोर ओढतायत, एकाचं तोंड उघडं आहे, गातोय.

मामू : (बराच वेळ पाहून) हा माणूस त्यांच्यातला झाला होता. कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, पण लपवलेलाही नाही. याला माझं काही म्हणणं नाही. अशासाठी त्यांच्या ताटात जेवावं लागतं.

भाची : म्हणजे काढता येतो असा फोटो.

मामू : येतो. महिनोन् महिने द्यावे लागतात. तुझ्याकडे शनिवार-रविवार आहे.

भाची : तुमच्याकडे तर वर्षं होती. तुमचा एकही फोटो नाही कुवेतचा?

मामू : आहे. आत कपाटात आहे. पांढऱ्या मोटारीला टेकून उभा आहे.

भाची : तुमची गाडी होती?

मामू : साहेबाची. तेव्हा सगळ्यांचेच तसे फोटो होते. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं घड्याळ. खोलीत आठजण राहायचो, तो फोटो कोणी काढला नाही. अम्मीला पाठवायचा होता ना. आणि अम्मी गाडी बघायचीच नाही. माझं मनगट बघायची, बारीक झालाय का म्हणून. पुढच्या पत्रात लिहून यायचं, नीट जेव. खोलीतले, समुद्रावरचे, दोस्तांबरोबरचे फोटो मी माझ्यापाशी ठेवले होते, पेटीत. ऑगस्ट ९० मध्ये पेटी तिथेच राहिली. बसने इराकमधून जॉर्डन, अम्मानहून विमान. अंगावरच्या कपड्यांनिशी आलो. जे घरी पाठवले होते, तेच उरले.

मी हा संवाद लिहायला बसलो तो या एका गोष्टीसाठी. प्रवासाची छायाचित्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ती येतात जी हिंडणाऱ्याने परक्यांची काढली. पण परदेशी राहणाऱ्या माणसाने घरच्यांसाठी स्वतःचे काढून पाठवलेले फोटो याहून कितीतरी जास्त आहेत. कोकणातल्या घराघरांत, पत्र्याच्या पेट्यांत, कुराणाच्या रेहलीशेजारी, देव्हाऱ्यामागच्या फळीवर ते पडून आहेत. त्यांना कोणी छायाचित्रकला म्हणत नाही. पण परक्या देशात माणूस कसा राहतो, काय झाकतो, काय मिरवतो आणि त्याची माणसं त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघतात, हे त्यांच्याइतकं कुठेच सापडत नाही. भाची म्हणते तसा फोटो माहिती देतो, हे खरं आहे, फक्त ती माहिती देण्याघेण्यात असते. कुवेतची गाडी आणि अम्मीने पाहिलेलं मनगट या दोन्ही गोष्टी हाती असल्या तरच तो फोटो पुरता कळतो.

भाची : मामू, मला ते फोटो गोळा करायचेत. तुमचा, शेजारच्या चाचांचा, सगळ्यांचे. निजामपुऱ्यातल्या घरांतून. कोणी काढला, गाडी कोणाची, कोणाला पाठवला, घरच्यांनी काय उत्तर लिहिलं, सगळं विचारून.

मामू : आणि सगळ्या गल्लीला सांगणार की गाडी माझी नव्हती?

भाची : सगळ्यांनाच ठाऊक असेल एव्हाना.

मामू : ठाऊक असणं वेगळं, भिंतीवर लावणं वेगळं. काही जण गेले आता. त्यांच्या पोरांनी ती गाडी खरी मानलीय. ते तू मोडायचं नाहीस.

भाची : जो परवानगी देईल त्याचाच लावीन. पण झाकून ठेवून पुढच्यांना काय कळणार? पेट्या फेकल्या जातायत, घरं पाडून बिल्डिंगा उठतायत.

मामू : यावर माझं मन होत नाही अजून. माझा घे. दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही. आणि फक्त आमच्याकडचेच का? मागावरची पोरं बघ. मऊची, बिहारची. हरेकाकडे मोबाईल. पाळी चालू असताना रील काढतात, मागे माग धडधडतोय, वर गाणं टाकलेलं. मी ओरडतो, धोट्याकडे लक्ष द्या. पण ते गावाला जातं, त्यांची आई बघते. ती पोरं इथे परदेशातच आहेत, आम्ही कुवेतला होतो तशी. तुझ्या त्या बोल्टनवाल्याला लपून काढावं लागलं, हे स्वतःच काढतात.

भाची : ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या रीलमध्ये आवाजही आहे.

मामू : गाण्याखाली दबलेला. गाणं काढायला सांग, मग ऐकू येईल.

भाची : ती रीलं बोल्टनच्या म्युझियमला दाखवता येतील. स्पेंडरच्या फोटोंशेजारी.

मामू : आधी त्यांना विचार. आणि त्यांची आई काय म्हणते तेही विचार.

भाची : शुक्रवारी जाऊ? माग बंद असतात.

मामू : शुक्रवारी ती झोपतात, घरी फोन लावतात. त्यांचा तेवढाच दिवस असतो, त्यात शिरू नकोस. दुपारी जेवायला भिस्सीत, म्हणजे त्यांच्या खाणावळीत बसतात, तिथे ये. मी सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी कॅमेरा आणू नकोस.

भाची : आणणार मामू. पिशवीत राहील, पण आणणार. लपवून आणला असं नंतर कोणी म्हणायला नको.

मामू : मग पिशवी उघडून दाखव, आणि जेव त्यांच्याबरोबर. डाळ तिखट असते.